फेरचौकशी: माझा अनुभव

वरिष्ठांविरुद्धची माझी पहिली तक्रार 'पुराव्याअभावी' निकाली निघाली. ते एक वेळ चाललं असतं. पण अहवालात लिहिलं होतं, 'तक्रारदार भावनाविवश झाल्याने त्यांना घटनाक्रम नीट सांगता आला नाही.' दर दोन वाक्यांनी "मुद्द्यावर या" म्हणत मला तोडलं जात होतं, याचा मात्र उल्लेखही नव्हता.

या अन्यायाची दोन रूपं तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी २००७ मध्ये मांडली, हे मला नंतर वाचनात आलं. सांगणाऱ्याबद्दल मनात पूर्वग्रह असतो म्हणून त्याच्या शब्दाला वजन मिळत नाही, हे एक. आणि जे सोसलं ते मांडायला लागणारी समजच आजूबाजूला तयार नसते, हे दुसरं. माझ्या वाट्याला दोन्ही आली. केबिनचं दार लावून तासभर पाणउतारा करणं, सुट्टीचा अर्ज सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवणं, याला ऑफिसात 'साहेबांचा स्वभाव' म्हणत. आता स्वभावाची तक्रार कोणत्या रकान्यात लिहायची?

अपिलानंतर प्रकरण नव्या समितीकडे गेलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "सुरुवात कुठूनही करा. आमचे प्रश्न नंतर." सोबत विश्वासातलं एक माणूस बसवायची मुभा होती. मी बुटांच्या आवाजापासून सुरुवात केली: तो आवाज आला की आमच्या टेबलांवरचं बोलणं बंद पडायचं. पहिल्या समितीने हेच 'अवांतर' म्हणून सोडून दिलं होतं. इथे एका सदस्याने विचारलं, "आमच्या म्हणजे कोणाकोणाच्या?" त्या प्रश्नातून साक्षीदार सापडले.

खरा कस लागला तो टाइप केलेला जबाब वाचताना. 'तक्रारदारास अस्वस्थ वाटत असे,' असं त्यात होतं. मी म्हणाले होते, "हात इतके थरथरायचे की सही वेगळी यायची, बँकेने चेक परत पाठवला." अस्वस्थ काय, उकाड्यानेही वाटतं. मी ती ओळ खोडून समासात माझं वाक्य लिहिलं आणि खाली सही केली. लेखनिक थोडे नाराज झाले, पण अध्यक्षबाईंनी ती दुरुस्ती कायम ठेवली.

ऐकून घेण्याची पद्धत बदलली की काय हाती लागतं, याचं मोठं उदाहरण दक्षिण आफ्रिकेत आहे. वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या तिथल्या सत्य आणि सलोखा आयोगाच्या सुनावण्या १९९६ मध्ये सुरू झाल्या. सुमारे २१ हजार पीडितांची निवेदनं नोंदवली गेली, जाहीर सुनावणीत त्यांतले साधारण दोन हजार जण बोलले. अनेक बायका येत आणि नवऱ्याचं, मुलाचं काय झालं तेवढंच सांगून थांबत. हे लक्षात आल्यावर आयोगाने स्त्रियांसाठी खास सुनावण्या घेतल्या आणि निवेदनाच्या अर्जावर 'तुमच्यावर स्वतःवर काय गुजरलं तेही सांगा' अशा अर्थाची सूचना छापली. छोटीशी सूचना, पण ती सुचायला आधी कोणीतरी त्या गप्प बसण्याकडे लक्ष द्यावं लागतं.

साहेबांनाही माझ्या जबाबाची प्रत मिळाली, त्यांचं म्हणणंही सविस्तर नोंदवलं गेलं. ते योग्यच होतं. ऐकून घेणं म्हणजे डोळे झाकून मान्य करणं नव्हे. माझा एक आरोप समितीने सिद्ध मानला नाही: माझी बढती त्यांनीच अडवली, हा. कारणं लेखी दिली. वाईट वाटलं, पण निदान कशामुळे नाकारलं ते कळलं; तिथे माझ्या रडण्याचा संबंध नव्हता.

बाकीचे आरोप सिद्ध झाले. साहेबांकडून आमचा विभाग काढून घेतला गेला आणि लेखी माफी मागायला सांगण्यात आलं. माफीपत्र आलं ते सरळसरळ कोणाकडून तरी लिहून घेतलेलं: 'माझ्या वर्तनाने आपणांस क्लेश झाले असल्यास...' त्या 'असल्यास'वर समितीने हरकत घेतली आणि पत्र दुरुस्त होऊन पुन्हा आलं. मी पोच दिली. उत्तर द्यावं असं वरून आडून आडून सुचवलं गेलं. ते मी दिलेलं नाही.