रिस्क-फाइव्हवर डेबियन : पहिल्या ओळीपासूनचा लॉग

मे 2025 मध्ये मी डेबियन 13 ची, म्हणजे लिनक्सवरच्या एका मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमची, चाचणी आवृत्ती रिस्क-फाइव्ह जातीच्या प्रोसेसरच्या बोर्डावर चढवायला घेतली. बोर्ड तळहाताएवढा, चार कोअरचा, 8 जीबी रॅमचा. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घराची माडी त्या दिवसांत इतकी तापते की काम रात्री नऊनंतरच.

हे करायचं कारण मनात पक्कं होतं. इंटेल किंवा आर्मच्या प्रोसेसरचा सूचनासंच, म्हणजे प्रोसेसरला कळणाऱ्या हुकमांची यादी, त्या त्या कंपनीच्या मालकीचा असतो. रिस्क-फाइव्हचा मात्र 2010 मध्ये बर्कली विद्यापीठात सुरू झाला आणि सर्वांसाठी खुला राहिला, परवाना शुल्क न भरता कोणीही त्यावर चिप घडवू शकतो. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे आपले प्रोसेसर त्यावरच उभे आहेत. उद्या शाळेत, कचेरीत हे यंत्र आलं तर त्यावर मराठी पहिल्या दिवसापासून नीट दिसायला हवी, आणि ते तपासायला मराठी माणसानेच बसायला हवं.

या बोर्डाच्या एचडीएमआयला, म्हणजे पडदा जोडायच्या खाचेला, नव्या कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) अजून आधार नव्हता, म्हणून सगळं काम सिरियल केबलवर, बोर्डाच्या ओळी लॅपटॉपवर वाचत. रावपुऱ्यातून यूएसबी-टीटीएल केबल आणली. ती 3.3 व्होल्टचीच हवी, 5 व्होल्टने पिना जळू शकतात. केबलची टीएक्स (पाठवणारी) पिन बोर्डाच्या आरएक्सला (घेणाऱ्या पिनेला) जोडायची, बोर्डाची टीएक्स केबलच्या आरएक्सला, आणि वेग सेकंदाला 115200 बिट. पहिल्या रात्री वेग चुकीचा ठेवला होता, पडद्यावर नुसती चिन्हांची भेळ. दुरुस्त केल्यावर बोर्ड सुरू करणाऱ्या प्रोग्रामांच्या ओळी एकामागून एक उमटल्या: आधी यू-बूटचा छोटा भाग, मग ओपन-एसबीआय, मग पूर्ण यू-बूट, शेवटी कर्नल. तो क्रम डोळ्यांसमोर सरकताना मला कलाभवनातली, म्हणजे बडोद्याच्या अभियांत्रिकी विद्याशाखेतली, प्रयोगशाळा आठवली, जिथे मी पहिल्यांदा ऑसिलोस्कोपवर लहर पाहिली होती.

इन्स्टॉलर सुरू झाला, पण नेटवर्क सापडेना. केबल बदलली, राउटर बदलला, तीन रात्री गेल्या. शेवटी डेबियनकडे इन्स्टॉलेशनचा अहवाल पाठवला आणि सोबत लॉगच्या, म्हणजे यंत्राने उमटवलेल्या नोंदींच्या, शेवटच्या वीस ओळी जोडल्या. उत्तर आलं, पहिल्या ओळीपासूनचा लॉग हवा. तो काढताना मीच पहिल्यांदा वरच्या ओळी नीट वाचल्या, आणि गोम तिथेच होती.

पीसीवर कोणतं यंत्र कुठे जोडलंय हे फर्मवेअर, म्हणजे चिपमध्येच बसवलेला प्रोग्राम, कर्नलला सांगतं. अशा बोर्डांवर ते काम डिव्हाइस ट्री नावाची फाइल करते, आणि एकाच बोर्डाच्या दोन आवृत्त्यांची फाइल वेगळी असू शकते. माझ्या बोर्डावरचं जुनं फर्मवेअर जुन्याच नावाची फाइल मागत होतं. ती न मिळाल्याने ते स्वतःजवळचं वर्णन पुढे करी, आणि कर्नलला त्यातली नेटवर्क चिप ओळखता येत नसे. उपाय म्हणजे फ्लॅशमधलं फर्मवेअर बदलणं. मध्येच वीज गेली तर बोर्ड उठत नाही आणि मग सिरियलवरून जिवंत करत बसावं लागतं, म्हणून बोर्ड इन्व्हर्टरवर घेतला. दोन-तीन मिनिटंच लागली असतील, पण तेवढा वेळ मी घरात कोणालाही स्विचला हात लावू दिला नाही. यानंतर नेटवर्क आलं. कारण आणि पूर्ण लॉग जोडून दुसरा अहवाल पाठवला.

मग मराठी. बोर्डाला पडदा नाही, म्हणून बोर्डावरच हार्फबझने, म्हणजे फाँटमधून योग्य अक्षररूपं निवडून जुळवणाऱ्या प्रोग्रामने, मजकुराची चित्रं तयार केली आणि लॅपटॉपवर उघडली. ती पाहायला सासऱ्यांना बसवलं. ते आयुष्यभर छापखान्यात कंपोझिटर होते. ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ हे शब्द त्यांनी चष्मा वर करून पाहिले. अर्धा र नीट होता. मग बोट ‘लता’वर टेकलं.

‘‘अगं, हा ल आपला नाही. हिंदीचा आहे. श पण बघ.’’

मला ते दिसलंच नव्हतं. मराठीत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श, महाराष्ट्र शासनाच्या 2009 च्या निर्णयातही तेच आहे. चूक प्रोसेसरची नव्हती, फाँटचीही नव्हती. फाँटमध्ये दोन्ही रूपं होती, पण मजकूर मराठी आहे हे मी प्रोग्रामला सांगितलंच नव्हतं. भाषा मराठी ठेवून चित्र पुन्हा काढलं.

‘‘हं, आता बरोबर, बाबा?’’

‘‘आता छापायला दे.’’

डेबियन 13 आलं 9 ऑगस्टला, रिस्क-फाइव्हला अधिकृत आधार असलेली पहिली स्थिर आवृत्ती. त्या दिवशी राखीपौर्णिमा होती, नणंदा आल्या होत्या, नारळीभाताची भांडी आवरेपर्यंत साडेदहा झाले. मग कोऱ्या कार्डावर अंतिम आवृत्ती चढवली. नेटवर्क पहिल्याच फटक्यात सापडलं. इन्स्टॉलेशनचा तिसरा अहवाल मी त्याच रात्री पाठवला, लॉग पहिल्या ओळीपासून.