गोवळकोटला पाय थंड लागले तेव्हा

चिपळूणच्या वाशिष्ठी नदीतल्या मासळीची वर्षभराची नोंद ठेवायचं काम घेतलं तेव्हा वाटलं होतं, भरती-ओहोटीचा तक्ता खिशात असला की झालं. महिन्यातून दोनदा खाडीकाठच्या गोवळकोटला जायचं, एकदा उधाणाला, म्हणजे मोठ्या भरतीला, एकदा भांगाला, म्हणजे लहान भरतीला. पाण्याचा खारटपणा बघायचा, पाग टाकून आलेली मासळी जातवार तोलायची: बोय, शिंगाळा, तांबोशी, कोळंबी.

तीन महिन्यांनी वही उघडली आणि डोकं धरलं. तीच तिथी, तीच ओहोटी; पण एकदा पाणी मचूळ, पुढच्या खेपेला जवळजवळ गोडं. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर बिघडला म्हणून दुसरा मागून आणला. तोही तेच दाखवी.

उलगडा केला तो आबांनी. त्यांच्याच होडीतून मी फिरायचे. एकदा गुडघाभर पाण्यात बाटली भरत होते, तर म्हणाले, "पाय थंड लागतायत ना गो? वरनं सोडलंय."

वरनं म्हणजे पोफळी-अलोऱ्याच्या वीजगृहांकडून. कोयना खरी कृष्णेला मिळणारी, पूर्वेची नदी. 1960च्या दशकापासून तिचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला आणून वीज करतात आणि वाशिष्ठीत सोडतात. वर्षाला 67.5 टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा, आणि सोडायचं ते विजेची मागणी चढेल तसं. कोकणातल्या बाकीच्या बहुतेक नद्या मे महिन्यात दगड दाखवतात, तेव्हा इथे पाणी वाहतं असतं. मी चंद्राचं गणित मांडत बसले होते, टर्बाइनचं नाही. तीन महिन्यांची वही बाद.

तासावारी विसर्गाचे आकडे मागायला एका कचेरीत गेले. या टेबलावरून त्या टेबलावर, शेवटी "माहिती अधिकारात टाका." टाकला. तोवर राज्य भार प्रेषण केंद्राच्या संकेतस्थळावर कोयनेची वीजनिर्मिती दिसते, ती दर खेपेला टिपू लागले. धक्क्याच्या खांबावर रंगाने पट्ट्या मारून अर्ध्या अर्ध्या तासाने पातळीही.

अडचण उरलीच. धरणाआधीची मासळी कोणी मोजलेली मला सापडली नाही, आणि खाडीत कारखान्यांचं सांडपाणीही येतं. तिसऱ्या (खाडीतले शिंपले) कमी झाल्या त्या नेमक्या कशाने, हे माझ्या वहीवरून सांगता येणार नाही. आबांच्या आठवणींसाठी मी वेगळा रकाना केला होता. मार्गदर्शकांनी तो खोडला: "हा डेटा नाही." मी तो दुसऱ्या वहीत चालू ठेवलाय, पाय थंड लागल्याची नोंदही त्यातच आहे.

परवा भांग आहे. वरून सोडायच्या आत पोचायचं तर चारची एसटी गाठायला हवी.