बेरी आणि लोणी-टोस्ट

तूप कढवून गाळलं की पातेल्याच्या बुडाची बेरी मी स्टीलच्या चमच्याने खरवडून काढते आणि साखर घालून उभ्या उभ्या खाते. आवाज दातांत जातो, हे मान्य. आतल्या खोलीचं दार हळूच लागतं. नवऱ्याची नापसंती एवढीच, पण मला ऐकू येते. आणि दर वेळी 'फँटम थ्रेड' आठवतो.

२०१७ चा सिनेमा, काळ १९५० च्या दशकातला, लंडनचा. बड्या घरच्या बायकांचे कपडे शिवणारा रेनॉल्ड्स वुडकॉक, त्याची करडी बहीण सिरिल आणि घरात नवीनच आलेली अल्मा. सकाळी न्याहारीला ती टोस्टला लोणी फासते, तेव्हा सुरी थेट आपल्या कानाशी चालल्यासारखी वाजते. खोलीतून घोडा दौडवत नेल्यासारखा आवाज करतेस, असं तो तिला ऐकवतो. घोडा! लोण्याच्या सुरीला!

आता याच घराचं संगीत ऐका. ते जॉनी ग्रीनवुडचं, म्हणजे रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडच्या गिटारवाल्याचं. (हाच माणूस त्याआधी 'जुनून' अल्बमसाठी जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात राजस्थानी वादकांसोबत मुक्काम ठोकून होता.) इथे मात्र पियानो आणि व्हायोलिन-चेलोंचा मोठा ताफा. 'हाउस ऑफ वुडकॉक' ही धून सुरू झाली की पियानोच्या सुरांखालून तंतुवाद्यं येतात, उंची कापडाला लावलेल्या रेशमी अस्तरासारखी. कुठे शिवण दिसत नाही, कुठे धागा निघत नाही.

अस्तर हा शब्द उगीच नाही सुचला. वुडकॉक कपड्यांच्या आत गुपितं शिवून ठेवतो. आईच्या केसांची बट त्याच्या स्वतःच्या कोटात, छातीपाशी आहे. ग्रीनवुडच्या संगीतातही तसंच काहीतरी शिवलेलं आहे. वरून सगळं मधाळ, पण मध्येच एखादा सूर थोडा जास्त रेंगाळतो आणि पोटात कसंतरी होतं. मला वाटतं, हा वाद्यवृंद म्हणजे वुडकॉकला आपलं घर जसं ऐकू यायला हवंय तसं आहे. अल्माच्या वाट्याला सुरी आणि टोस्ट. म्हणून तर ती सुरी इतकी झोंबते त्याला. संगीताला ऑस्करचं नामांकन मिळालं, बक्षीस मात्र वेशभूषेने नेलं. वुडकॉकला ते योग्यच वाटलं असतं.

ही धून मी हल्ली स्वयंपाक करताना कानात लावते. कुकरची शिट्टी मध्ये पडतेच, पण तीही खपून जाते.

गेल्या आठवड्यात नवऱ्याने काही न बोलता ओट्यावर एक लाकडी चमचा आणून ठेवला. चांगला शिसवी, गुळगुळीत. त्याने बेरी सुटत नाही. मी वरण ढवळायला घेतलाय.