पोटगीचा अर्ज, विधी सेवेचा वकील आणि एक सातबारा

माहेरी येऊन बसलेल्या बाईला सल्ल्याची कमी नसते. "कसाले जास कोर्टमा? आठेच चार माणसं बसाडूत," असं आधी काकांनी मला सांगितलं. चार माणसं बसलीही. नवऱ्याने सगळ्यांसमोर मान डोलावली आणि सुरतला परत गेल्यावर फोन उचलणंच बंद केलं. मुलगी पहिलीत गेली. तिच्या वह्या, दप्तर, दवाखाना सगळं भावाच्या कापसाच्या पैशांतून. शेवटी गावातल्या आशाताईंनी सांगितलं की अमळनेरच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते, बाईला तिथून फुकट वकील मिळतो.

फुकट म्हटल्यावर भाऊ हसला. फुकटचा वकील कशाला झटेल, असं त्याचं म्हणणं. शिवाय कोणीतरी सांगितलं की आधी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढा. तो लागलाच नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये महिला आणि मुलं थेट पात्र आहेत, उत्पन्न कितीही असो. उत्पन्नाची मर्यादा इतर काहींसाठी आहे. मी आधारकार्ड, लग्नाची पत्रिका आणि मुलीचा जन्मदाखला नेला होता, फॉर्म तिथेच भरून घेतला. काही दिवसांनी वकील नेमल्याचं पत्र आलं. टायपिंगपासून नोटीस काढण्यापर्यंत कशालाच पैसे द्यावे लागले नाहीत. (ज्यांना तालुक्याला जाणं जमत नाही, त्यांनी १५१०० या नंबरवर फोन करावा, तो विधी सेवेचाच आहे.)

वकील मॅडम तरुण होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, नांदायला जायचंय, फारकत हवीय की फक्त खर्च हवाय?" इतके दिवस सगळे मला काय करायचं ते सांगत होते, काय हवंय ते कोणी विचारलं नव्हतं. मला खर्च हवा होता. फारकत न घेताही पोटगी मागता येते, हे मला तिथेच कळलं. मारहाण असती तर कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत वेगळा अर्ज करता आला असता. माझा प्रश्न तो नव्हता, म्हणून साधा पोटगीचा अर्ज केला. पूर्वी ज्याला सगळे 'एकशे पंचवीस' म्हणायचे, ते कलम १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालंय. सुरतला जावं लागेल ही माझी मोठी धास्ती होती. पण बायको जिथे राहते, तिथल्या कोर्टात हा अर्ज चालतो.

घोळ झाला तो नोटिशीचा. सुरतची खोली नवऱ्याने बदललेली, नोटीस 'इसम मिळून आला नाही' म्हणून परत. मॅडमनी विचारलं, गावाला कधी येतो? मी म्हटलं, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. खान्देशात आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि मी त्या दिवसांत नवरा त्याच्या गावी पोचला का याची चौकशी करत होते! गावचा पत्ता देऊन पुन्हा नोटीस काढली आणि ती त्याच्या हातात पडली.

पुढच्या तारखेला त्याचं म्हणणं दाखल झालं. कापड मार्केटमध्ये पार्सल बांधतो, हाती काही उरत नाही, बायको स्वतःच नांदायला येत नाही, वगैरे. यानंतरचा भाग मी जरा सविस्तर सांगते, कारण माझं प्रकरण तिथेच फिरलं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या एका निकालानंतर पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. मी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. ते लिहायचं का, असं मी विचारलं तर मॅडम ठाम होत्या. जे आहे ते लिहायचं, लपवलेलं सापडलं तर बाकीचंही खोटं धरलं जातं. माझी हिशेबाची वही बघून त्यांनी महिन्याची सरासरी काढली आणि तीच लिहिली.

नवऱ्याच्या प्रतिज्ञापत्रात शेतजमिनीपुढे 'निरंक' होतं. सासरे वारल्यावर वारस नोंद झालेली मला माहीत होती, गट नंबर माहीत नव्हता. महाभूलेख या सरकारच्या जमीन नोंदींच्या वेबसाइटवर नावानेही शोधता येतं. सायबर कॅफेतल्या पोराने आडनाव टाकलं आणि यादीत नवरा, दीर, सासू तिघांची नावं एकाखाली एक. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत निघाला. गाव नमुना बारामध्ये कापूस लागलेला, पाण्याचं साधन विहीर. मॅडमनी तो दाखल केला. समोरून उत्तर आलं की जमीन दीर कसतो. कसेना का, हिस्सा तर आहे!

मधे मध्यस्थीला पाठवलं. बंद खोलीत बोलणं झालं, जमलं काही नाही.

कायद्यात लिहिलंय की अंतरिम अर्ज, म्हणजे अंतिम निकाल लागेपर्यंतच्या पोटगीचा अर्ज, शक्यतो नोटीस लागल्यापासून साठ दिवसांत निकाली काढावा. 'शक्यतो' हा शब्द फार लांब ताणतो. तारीख मंगळवारी पडली की मंगळग्रह मंदिराच्या गर्दीमुळे एसटीत पाय ठेवायला जागा नसे. अर्धं तिकीट तेवढं सोयीचं. नंतर मी सीएनआर नंबर, म्हणजे केसचा स्वतःचा नंबर, टाकून ई-कोर्ट्सच्या ॲपवर तारीख घरीच बघायला शिकले.

अंतरिम हुकूम झाला, मला तीन हजार आणि मुलीला दोन हजार महिना, अर्जाच्या तारखेपासून. पैसे अर्थात आले नाहीत. नक्कल काढून वसुलीचा अर्ज टाकला. हा अर्ज रक्कम थकल्यापासून वर्षाच्या आत टाकावा लागतो, नाहीतर त्या महिन्याचं वॉरंट निघत नाही. गावातल्या एका बाईची मागची बाकी अशीच अडकली. वॉरंट निघून तरी रक्कम भरली नाही तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी महिनाभरापर्यंत कैद होऊ शकते. हे बहुतेक त्याच्या वकिलाने त्याला समजावलं असावं, कारण वॉरंटच्या आधीच निम्मी बाकी खात्यात जमा झाली.

मूळ अर्जात माझी उलटतपासणी अजून व्हायची आहे. शिवणकामावरून खोदून विचारतील, असं मॅडमनी सांगून ठेवलंय. ब्लाउजची वही सोबत नेणार आहे.