सहा तासांचे अंतर

५ डिसेंबर, रात्री

आज शेजारच्या घरी धाकट्या मुलाची तेरवी झाली. कापूस वेचणीचे दिवस असूनही निम्मे गाव पंगतीला होते, आणि मी मात्र वाढताना त्याच्या आईसमोर जाणे टाळत राहिलो.

मोटारसायकल घसरून डोक्याला मार लागल्यावर त्याला नागपूरला हलवले, तेव्हा मास्तरांना कागद समजतात म्हणून मलाही सोबत नेले होते. मेंदूमृत्यूची पहिली तपासणी झाल्यावर आईने त्याच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "मास्तर, छाती तं हालून राह्यली न याची!" १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासते, व्हेंटिलेटर काही मिनिटे काढून, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्यावरही शरीर श्वासासाठी धडपडते का ते पाहते, आणि प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांना त्या मंडळात बसता येत नाही, हे सारे मला ठाऊक होते. मी एवढेच म्हणालो, "ते मशीन हालवते, वहिनी."

खटकते ते पुढचे. दुसरी तपासणी व्हायची असतानाच एक समन्वयक अवयवदानाचा विषय घेऊन आला. बोलणे मृदू होते, हेतूही चांगलाच असावा, पण मुलाच्या वडिलांनी विचारले, "मंग दुसऱ्या डाव कायले पाहून राह्यले? ठरलंच हाय न?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मुलगा गेला की नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचे. अवयव द्यायचे की नाही, हे घरच्यांनी. पहिल्याचा निकाल लागण्याआधी दुसरे विचारले, तर पहिल्याच्या खरेपणावरच संशय येतो, आणि तो संशय अडाणीपणाचा आहे असे मला वाटत नाही. दुसऱ्या तपासणीत मृत्यू निश्चित झाला. वडिलांनी नकार दिला आणि त्यावर कोणी आग्रह धरला नाही, हे मात्र नोंदवले पाहिजे.

आमचे मोठेबाबा घरीच वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे नेत्रपेढीचे लोक गावात येऊन नेत्र घेऊन गेले होते. मूत्रपिंड किंवा यकृत द्यायचे, तर आपल्याकडे बहुधा मृत्यू अतिदक्षता विभागात, व्हेंटिलेटरवरच यावा लागतो, म्हणजे खेड्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला ते दान येतच नाही. डोळ्यांचे तसे नाही. हृदय थांबल्यानंतरही साधारण सहा तासांपर्यंत ते देता येतात, फक्त पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवायचा आणि डोक्याखाली उशी द्यायची.

त्या मुलाचे हृदय पहाटे चारला थांबले. शवविच्छेदनाच्या कागदांसाठी आम्ही बाकावर बसून होतो, वडील माझ्या शेजारीच होते, आणि नेत्रदानाचे वाक्य माझ्या तोंडात तयार होते. पण मागणाऱ्यांच्या रांगेत आता मीही उभा आहे असे त्यांना वाटेल, या भीतीने मी ते गिळले. गाडीने कोंढाळी मागे टाकली, तेव्हा घड्याळात दहा वाजून गेले होते.