ग्रॅम स्टेन, नोंद सातवी: दह्यातले दांडे गुलाबी का पडत होते

सापडलं! तीन आठवडे आणि स्लाइड्सचा जवळजवळ एक अख्खा डबा गेला, पण काल रात्री दह्यातला लॅक्टोबॅसिलस, म्हणजे दांड्यासारखा जंतू, १०० एक्सच्या भिंगाखाली गडद जांभळा दिसला. शेजारी कॉकायच्या (गोल जंतूंच्या) माळा, त्याही जांभळ्या. आईला झोपेतून उठवून दाखवलं.

नव्या वाचकांसाठी: ग्रॅम स्टेनमध्ये जंतूंना आधी क्रिस्टल व्हायोलेटचा जांभळा रंग देतात, मग आयोडीन, मग अल्कोहोलने रंग धुतात (डीकलर), आणि शेवटी सॅफ्रानिनचा गुलाबी रंग (काउंटर). जाड भिंतीचे जंतू जांभळे राहतात, ते ग्रॅम पॉझिटिव्ह; बाकीचे गुलाबी होतात. मागच्या नोंदीतला फोटो आठवत असेल. दांडे नीट, फोकस नीट, आणि सगळं सॅफ्रानिनच्या गुलाबी रंगात. दह्यातले हे जंतू ग्रॅम पॉझिटिव्ह. ते गुलाबी दिसले म्हणजे चूक माझ्या टेबलावरच होती. तुमच्यापैकी बहुतेकांनी लिहिलं, ‘डीकलर जास्त होतंय.’ मलाही तेच वाटलं. ॲसिटोन तर मी आधीच बंद केलं होतं, ते फार घाई करतं, दोन सेकंद इकडेतिकडे झाले की स्लाइड गेली. मग अल्कोहोल २० सेकंदांवरून १० वर आणलं, १० वरून ५ वर. तरी गुलाबी. २ सेकंदांवर केसीनचे (दुधातल्या प्रथिनाचे) डागसुद्धा जांभळे राहिले आणि त्यात जंतू शोधणं अशक्य झालं. पूर्ण आठवडा या सेकंदांच्या मागे गेला.

कंट्रोल स्लाइड, म्हणजे कुठला रंग यायला हवा हे आधीच ठाऊक असलेल्या जंतूंची, पहिल्याच दिवशी करायला हवी होती. एका स्लाइडवर तीन ठिपके: डावीकडे इडलीचं आंबलेलं पीठ, मधे दही, उजवीकडे व्हिनेगरवरची साय. इडलीच्या पिठातला ल्युकोनोस्टॉक जांभळा राहायलाच हवा, व्हिनेगरचा ॲसिटोबॅक्टर गुलाबी व्हायलाच हवा. गोव्याहून मामीने माडाच्या सुरेचं घरचं व्हिनेगर पाठवलं, त्यावर छान जाड साय धरली होती. दुकानातल्या गाळलेल्या, पारदर्शक व्हिनेगरच्या नादी लागू नका, त्यात बघायला काही मिळत नाही.

स्लाइड धुतली, वाळवली, पाहिली. तिन्ही ठिपके गुलाबी! पिठातलं यीस्टसुद्धा, जे एरवी हमखास जांभळं राहतं. म्हणजे दह्याचा काही दोष नव्हता, एखादं द्रावणच बिघडलेलं होतं. क्रिस्टल व्हायोलेट म्हणून औषधाच्या दुकानातलं जेन्शियन व्हायोलेट मी वापरते. डीकलर न करता पाहिलं तर सगळं जांभळंगर्द, म्हणून त्यावर संशय नव्हता. राहिलं आयोडीन.

बाटली उजेडात धरली आणि लख्ख कळलं. गडद तपकिरी असायला हवं ते पाणचट चहासारखं झालं होतं. विक्रेत्याने पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत दिलं होतं आणि मी ते वर्षभर खिडकीत ठेवलं. आयोडीन उडून जातं, उजेडाने बिघडतं, आणि प्लास्टिक त्याला धड अडवत नाही. बटाट्याच्या कापावर थेंब टाकला, तर काळानिळा डाग पडायच्या जागी फिकट निळसर ओरखडा. आयोडीन साध्या प्लास्टिकमध्ये विकूच नये, असं माझं ठाम मत झालंय.

क्रिस्टल व्हायोलेट एकटं असेल तर अल्कोहोलबरोबर सहज वाहून जातं. आयोडीनशी जुळून त्याचा मोठा गठ्ठा होतो, आणि अल्कोहोलने आक्रसलेल्या, जंतूच्या जाड पेप्टिडोग्लायकनच्या (जाळीसारख्या पदार्थाच्या) भिंतीतून तो लवकर निसटत नाही. माझ्याकडे गठ्ठाच बनत नव्हता. मग सेकंद मोजून काय होणार? १८८४ मध्ये बर्लिनला हान्स ख्रिश्चन ग्रॅमने ही पद्धत छापली, तेव्हा त्याला जंतूंचे दोन गट पाडायचे नव्हतेच. न्यूमोनियाने गेलेल्या रुग्णांच्या फुप्फुसात पेशींच्या गर्दीतून जंतू उठून दिसावेत, एवढंच हवं होतं. गुलाबी काउंटर नंतरच्या लोकांनी जोडलं. आयोडीन मात्र पहिल्यापासून होतं, आणि नेमकं त्याच्याकडेच माझं दुर्लक्ष झालं.

नवीन द्रावण घरी केलं: १ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड चमचाभर पाण्यात विरघळवलं, त्यात अर्धा ग्रॅम आयोडीनचे खडे, ते पूर्ण विरल्यावर पाणी घालून १५० मिली. पाणी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड. खडे एकदम सगळ्या पाण्यात टाकू नका, तळाशी बसून राहतात. बाटली तपकिरी काचेची, कपाटात.

केसीनचे डागही सुटले, ते फार सोपं निघालं. दह्याची कवडी घ्यायची नाही, वर सुटलेलं पाणी घ्यायचं आणि त्याचाच पातळ स्मिअर (काचेवरचा थर) करायचा. पार्श्वभूमी इतकी स्वच्छ मला आजवर मिळाली नव्हती.

आता खरी गंमत. नव्या आयोडीनने आठ तासांचं दही जवळजवळ पूर्ण जांभळं आलं. त्याच स्लाइडवर तीन दिवसांचं आंबट दही होतं, त्यात मात्र दर तिसरा-चौथा दांडा गुलाबी, काही तर अर्धे जांभळे, अर्धे गुलाबी. वेळ तीच, द्रावणं तीच. पेशी म्हातारी झाली की भिंत झिजते आणि रंग धरून ठेवत नाही, हे वाचलं होतं. स्वतःच्या भिंगाखाली पाहिलं ते काल पहिल्यांदा.

पुढची नोंद मॅलाकाइट ग्रीन या हिरव्या रंगाने एंडोस्पोअर (काही जंतूंचे टणक बीजाणू) रंगवण्याची, असं ठरवलं होतं. ते थांबवते. एकाच विरजणाचं दही ६, १२, २४, ४८ आणि ७२ तासांनी, प्रत्येक वेळी इडलीचं पीठ आणि व्हिनेगर कंट्रोलला, आणि दर स्लाइडवर २०० दांडे मोजायचे. हे लिहिता लिहिता सुचलं: अर्धं दही फ्रिजमध्ये ठेवलं तर? थंडीत गुलाबी दांडे उशिरा यायला हवेत. म्हणजे दोन वाट्या, ओटा आणि फ्रिज. पिठाचा कंट्रोलही रोज ताजाच आंबवायला हवा, नाहीतर तोच म्हातारा होऊन फसवेल.

विरजण आज सकाळी सातला लावलंय. सहा तासांचा स्मिअर वाळतोय.