तोंडावर केप धरलेला माणूस

झोप येत नाही म्हणून मी रात्री सिनेमे लावतोय, हे हिला पटलेलं नाही. सिनेमे लावतोस म्हणून झोप येत नाही, असं तिचं म्हणणं. असेलही. पण गेल्या काही रात्री जे बघितलं त्यातलं निम्मं तरी हमखास झोप आणणारं होतं, आणि तरी मी टक्क जागा.

सुरुवात 'प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस'ने झाली. दिग्दर्शक एड वुडचा. १९८० साली याला 'आजवरचा सर्वांत वाईट सिनेमा' असा किताब मिळाला आणि तेव्हापासून लोक तो आवडीने बघताहेत. थडग्यांना जरा धक्का लागला की ती हलतात. विमानाचं कॉकपिट म्हणजे खुर्च्या आणि मागे एक पडदा. एकाच प्रसंगात रात्र होते, दिवस होतो, परत रात्र. परग्रहावरची मंडळी चकचकीत कपडे घालून येतात आणि माणसांना मूर्ख म्हणून जातात. पैसे घातले बॅप्टिस्ट चर्चच्या लोकांनी, आणि त्यांची अट अशी की आधी बाप्तिस्मा घ्या, मग शूटिंग. हे सगळं माहीत होतं, त्यामुळे हसायच्या तयारीनेच बसलो होतो. हसलोही.

मग तो माणूस आला.

बेला लुगोसी, १९३१चा ड्रॅक्युला. उतारवयात वुडशिवाय फारसं कुणी काम देत नव्हतं. १९५६च्या ऑगस्टमध्ये तो गेला. वुडकडे त्याची थोडीशी मूक फिल्म होती, दुसऱ्याच कशासाठी तरी काढलेली. तेवढ्यावर वुडने सिनेमा उभा केला आणि उरलेल्या प्रसंगांसाठी आपल्या बायकोच्या कायरोप्रॅक्टरला उभं केलं. पाठीची हाडं बसवणारा बिचारा. लुगोसीपेक्षा उंच, चेहरा जुळायचा प्रश्नच नाही. म्हणून तो सिनेमाभर कोपर वर करून खांद्यावरची केप नाकापर्यंत धरून फिरतो. दारातून येतो, केप. स्मशानात फिरतो, केप. हात भरून आला नसेल?

ही पोट धरून हसत होती. माझं हसू मधेच कुठेतरी बंद पडलं. हिला वाटलं मला झोप आली.

काकूने तिच्या चिऊच्या लग्नाचे फोटो त्याच दुपारी ग्रुपवर टाकले होते. त्यातला तो एक.

लाजाहोम झालाय, कानपिळी चालू आहे. जावईबापूंनी मान पुढे केलेली, तोंड वाकडं. त्यांचा कान धरलेला हात माझा. जॅकेट दादासाठी, म्हणजे चिऊच्या सख्ख्या भावासाठी शिवलेलं, बाह्या दुमडलेल्या, त्यातली एक उलगडून बोटांपर्यंत आलेली. आणि मान जिथे संपते तिथून पुढे मी नाही. तिथे मोबाइल आहे. चिऊच्या कुठल्याशा मैत्रिणीने दादाला नीट दिसावं म्हणून व्हिडिओ कॉल लावून फोन उंच धरला होता, तो बरोब्बर माझ्या तोंडावर आलाय. त्यात दादा दात काढून हसतोय. मापातही चपखल बसलाय. म्हणजे धड माझं आणि डोकं त्याचं.

खाली प्रतिक्रिया. 'दादा आलाच शेवटी!' 'भावाची कमी जाणवलीच नाही.' मावशीने तर डोळे पुसणारी बाहुली टाकली. काकांनी अंगठा.

खरं तर यात वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे? व्हिसाचं ते झालं तसं झालं, त्यात त्याचा काय दोष. मुहूर्ताच्या तासभर आधी काकू म्हणाली, "तू उभा राहा रे त्याच्या जागी, तुझ्याशिवाय कोण आहे." मी राहिलो. आनंदाने राहिलो. चिऊ मला काही परकी आहे का? कान पिळला तोही मनापासून. मग मोबाइल मधे आला तर आला.

पण तो फोटो परत परत उघडून मोठा करून बघतोय, हेही खरं. मोबाइलच्या कडेला माझा एक कान दिसतो. तेवढाच.

दुसऱ्या रात्री 'गेम ऑफ डेथ' लावला तो योगायोगाने, असं हिला सांगितलं. ब्रूस लीने १९७२मध्ये यातली मारामारी काढून ठेवली, मग 'एंटर द ड्रॅगन' आला म्हणून हे काम थांबलं आणि १९७३च्या जुलैमध्ये तो गेलाच. सिनेमा आला १९७८मध्ये. वेगळीच गोष्ट जुळवून, बदली माणसं घालून. बदली माणसांना काळे चष्मे, खोटी दाढी, अंधार, पाठमोरे कोन. एका प्रसंगात नायक आरशासमोर आहे आणि आरशात ब्रूस लीचं तोंड म्हणजे चक्क कापून चिकटवलेला फोटो! अंग हलतं, तोंड हलत नाही. त्याच्या खऱ्या अंत्ययात्रेचे तुकडेही वापरलेत, ते बघवत नाही. शेवटी मात्र तो पिवळ्या कपड्यांत स्वतः येतो, बास्केटबॉलपटू करीम अब्दुल-जब्बारच्या जेमतेम छातीपर्यंत पोचतो, आणि सगळा सिनेमा एकदम जिवंत होतो. जेमतेम दहा-अकरा मिनिटं. पण ती बघताना मला चीड आली. त्याची नाही. आधीचा तासभर ज्या पोराने लाथा मारल्या, उड्या मारल्या, मार खाल्ला, त्याचं एवढ्यात कुणाला काही वाटेनासं होतं त्याची. किम ताय-चुंग हे त्यातल्या एकाचं नाव. इथे लिहून ठेवतो.

आजोबांच्या वेळी दवाखान्यात रात्री कोण बसायचं, ते जाऊ दे. तो विषय वेगळा आहे.

कानपिळीचं पाकीट काकांनी 'त्याला पाठवतो' म्हणून स्वतःच्या खिशात ठेवलं, त्याबद्दलही लिहिणार नाहीये.

मधे एका रात्री 'पुराना मंदिर'. रामसे बंधू, १९८४. सामरीचं मुंडकं एकीकडे आणि धड दुसरीकडे, हे विसरलोच होतो. आता कुठेही जावं तर हेच. सिनेमा तसा दमदार आहे. अनिरुद्ध अग्रवालची नुसती उंची आणि चेहरा पुरतो, बाकी धूर आणि निळे दिवे नसते तरी चाललं असतं. मधलं जगदीपचं 'शोले'चं विडंबन फार लांबतं, तेवढं पुढे ढकललं. लहानपणी उशीत तोंड घालून बघितलेला सिनेमा आता रिमोट हातात धरून बघता येतो, एवढाच काय तो मोठं होण्याचा फायदा.

'झपाटलेला' लागला होता टीव्हीवर, जेवताना थोडा बघितला. भलत्याच देहात अडकून पडलेल्या तात्या विंचूची बाजू पहिल्यांदाच कळली.

काल के. आसिफचा 'लव्ह अँड गॉड'. हा क्लासिक म्हणायचा की काय म्हणायचा, ठरत नाही. मजनू म्हणून गुरुदत्तला घेऊन सुरू केला. गुरुदत्त १९६४मध्ये गेले. त्यांच्या जागी संजीवकुमार आले. मग १९७१मध्ये आसिफच गेले. अर्धवट रिळं पडून राहिली. १९८५मध्ये संजीवकुमारही गेले आणि सिनेमा लागला १९८६मध्ये. जोडकाम लपत नाही. भव्य आहे, मधेच फार सुंदर आहे, आणि कंटाळवाणा आहे. पण मी बघत होतो संजीवकुमारकडे. हा केप धरत नाही. गुरुदत्तसारखं दिसण्याचा, बोलण्याचा यत्किंचितही प्रयत्न नाही. दुसऱ्याच्या जागी आलाय आणि घरच्यासारखा बसलाय. हे असं जमायला संजीवकुमारच असावं लागत असेल.

मग रात्री उशिरा, एकातून दुसरं निघत, फाळक्यांपाशी पोचलो. 'राजा हरिश्चंद्र'चा जेवढा भाग शिल्लक आहे तेवढा. तारामती करायला बाई मिळेना, तर उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके उभे राहिले. हौदाच्या दृश्यात ओलेत्या दासी आहेत, तेही सगळे बाप्ये. पुढे १९१७च्या 'लंकादहन'मध्ये राम साळुंकेच आणि सीताही साळुंकेच! मी अंथरुणात उठून बसलो. म्हणजे वियोग झाला तो कुणाचा कुणापासून? वर गंमत अशी की आज आपण १९१३चा म्हणून जो तुकडा बघतो तो मुळातला नाही, १९१७मध्ये फाळक्यांनीच पुन्हा काढलेला आहे, असं काही अभ्यासक मानतात. सिनेमाच्या जागीही दुसराच सिनेमा उभा! आणि आपण हात जोडतोय.

इथे मी एकटाच मोठ्याने हसलो. ही उठली. "काय झालं?" म्हटलं, काही नाही, रामाने सीतेला शोधायची गरज नव्हती. ती कूस बदलून झोपली.

तर गाडी अशी हळूहळू रुळावर येतेय. टिम बर्टनने १९९४मध्ये 'एड वुड' काढला, तोही आज दुपारी परत बघितला. कृष्णधवल, आणि वुडची टिंगल करायची सोडून त्याच्यावर जीव लावणारा. त्यात लुगोसी झालाय मार्टिन लँडाऊ. लुगोसीला जन्मात ऑस्करचं साधं नामांकन नाही. त्याच्या जागी उभं राहिल्याबद्दल लँडाऊला ऑस्कर. केप धरून धरून ज्याचा हात दुखला त्या कायरोप्रॅक्टरला काही नाही, पण इतक्या वर्षांनी इकडे एक माणूस त्याच्यामुळे जागा आहे.

संध्याकाळी चिऊचा फोन आला. खुशीत होती, पाठीमागे समुद्राचा आवाज. म्हणाली, "अरे, ह्याचा कान दोन दिवस लाल होता. एवढा कशाला पिळायचा? ह्याने दादाला मेसेज करून तक्रारपण केली."

"दादाला?"

"मग? भाऊ म्हणून त्यालाच करणार ना. दादाने सॉरी म्हटलंय."

हिला सांगितलं तेव्हा ती खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि या वेळी मीही. जॅकेट काकूकडे परत जाणार होतं. आता जाणार नाही. कोपऱ्यावरच्या टेलरकडे बाह्या कापायला टाकून आलोय, बुधवारी देतो म्हणालाय.